इंजिनाचा बार आणि ठिणगीची वेळ

रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या जुन्या मालमोटारीच्या मागल्या नळींतून एकाएकीं बंदुकीसारखा बार निघावा, झाडावरचीं पांखरें उडावीं आणि कडेवरच्या मुलानें भोकाड पसरावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. अशा वेळीं आपण "गाडी बिघडली वाटतें" एवढें म्हणून पुढें चालूं लागतों. तो बार कोठून निघतो आणि कां निघतो, ह्याचा विचार करण्याचें आपणांस कारण पडत नाहीं. मलाहि तें पडलें नसतें. परंतु माझ्या लहानपणीं अशाच बारांमुळें एका प्रामाणिक माणसाची नोकरी आणि अब्रू जाण्याची वेळ आली होती. ती हकीकत सांगतां सांगतां आज इंजिनाच्या ह्या खोडीचें शास्त्र आपणांपुढें मांडावें, असा माझा विचार आहे.

गोष्ट १९७४ सालच्या पावसाळ्यांतली. माझे चुलते सासवडास राहत. आम्ही मुलें त्यांस तात्या म्हणत असूं. त्यांची पेट्रोलवर चालणारी एक जुनी मालमोटार होती, आणि तींतून भाजीपाला व अंजिरें दिवेघाटानें पुण्याच्या बाजारांत येत. गाडीवर एक वयस्क ड्रायव्हर होते. त्यांस सारा गांव मामा म्हणे. त्याआधींच्या वर्षीं, म्हणजे १९७३ च्या ऑक्टोबरांत, अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडला होता. जगभर तेलाचे भाव भडकले आणि आपल्याकडेहि पेट्रोल एकदम महागलें. नेमक्या त्याच दिवसांत तात्यांच्या वहींत पेट्रोलचा खर्च दर आठवड्यास वाढतांना दिसूं लागला. फेऱ्या तितक्याच, माल तितकाच, आणि पेट्रोल मात्र जास्त! तात्यांनीं मनांत जो निष्कर्ष काढला, तो कोणीहि काढला असता. "मामा, पेट्रोल जातें कोठें?" असें त्यांनीं एके दिवशीं चारचौघांत विचारलें. मामा खालीं पाहून एवढेंच म्हणाले, "मालक, गाडी बार काढते आहे. ती खाते." तात्यांस तें उत्तर पटलें नाहीं. महिनाअखेर दुसरा ड्रायव्हर पाहावयाचा, असें घरांत ठरलें.

मामा बार म्हणत तो हाच. दिवेघाट उतरतांना ते पेट्रोलवरचा पाय काढीत, आणि सायलेन्सरमधून धाडकन् आवाज होई. पुण्यांतल्या एका दुरुस्तीवाल्यानें आधींच गाडी पाहिली होती. "पेट्रोल कमी पडतें, म्हणून गाडीस जोर नाहीं," असें सांगून त्यानें कार्ब्युरेटर उघडला, साफ केला आणि आंतील पेट्रोल सोडणारें जेट मोठ्या छिद्राचें बसविलें. त्यानंतर बार कमी न होतां वाढलेच. शेवटीं मामांनीं स्वतःच्या हिमतीवर गाडी नाना पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री खडकीच्या लष्करी कारखान्यांत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. मी त्या दिवशीं शाळेंतून सुटून गाडीपाशीं उभा होतों.

मिस्त्रींनीं पान्यास हात लावला नाहीं. त्यांनीं आधीं प्रश्न विचारले.

"बार पुढून येतो कीं मागून?"

"मागून. पुढून क्वचित् शिंक येते."

"केव्हां येतो?"

"घाट उतरतांना, पाय काढला कीं. आणि चढतांना गाडी रिकामी असली तरी दम लागतो, पाणी उकळतें."

"एकाएकीं सुरू झालें, कीं हळूहळू?"

"हळूहळू. दोन-अडीच महिने झाले."

मिस्त्री हंसले आणि म्हणाले, "मग पेट्रोलला कशाला शिव्या देतां? आधीं ठिणगी पाहूं."

आतां ते ठिणगीकडे कां वळले, हें कळण्यास इंजिनाच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत सिलिंडर म्हणजे एक पोकळ नळकांडें असतें, आणि त्यांत दट्ट्या वरखालीं होतो. त्याच्या चार खेपांत एक काम पुरें होतें. पहिल्या खेपेस दट्ट्या खालीं जातांना पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण आंत ओढतो. दुसऱ्या खेपेस वर येतांना तें दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळतें आणि दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. चौथ्या खेपेस जळका धूर बाहेर जातो. आंत ओढण्यास एक झडप, बाहेर टाकण्यास दुसरी. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोनें १८७६ सालीं ह्या पद्धतीचें इंजिन यशस्वी करून दाखविलें, आणि मोटारींचें सारें जग त्या चार खेपांवर उभें राहिलें.

ह्यांतील सारी खुबी तिसऱ्या खेपेच्या आरंभीं आहे. मिश्रण स्फोटासारखें एका क्षणांत उडतें अशी आपली समजूत असते. वस्तुतः ज्योत एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे पसरत जाते, आणि त्यास वेळ लागतो. ढोबळ हिशेबासाठीं हा वेळ एका सेकंदाचा चारशेवा भाग धरूं. इंजिनाचा दांडा मिनिटास २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदास ४० फेरे झाले. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत दांडा एका फेऱ्याचा दशांश, ३६ अंश, फिरून जातो! दट्ट्या माथ्यावर पोहोंचल्यावर ठिणगी टाकली, तर खरा जोर येईपर्यंत तो खालीं निघून गेलेला असेल. म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर येण्यापूर्वींच टाकावी लागते. तेंच इंजिन संथपणें ६०० फेऱ्यांनीं फिरत असेल, तर त्याच अवधींत दांडा केवळ ९ अंश फिरतो. अर्थात् वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधीं पडली पाहिजे, आणि वेग उतरेल तशी मागें आली पाहिजे.

आपल्या घरांतला झोपाळा डोळ्यांपुढें आणा. मुलास झोंका देतांना झोपाळा आपल्याकडे येऊन थांबतो आणि परत फिरतो, त्याच क्षणीं हात लावावयाचा असतो. तो अजून येत असतांनाच ढकलला, तर मनगटास हिसका बसतो. तो दूर गेल्यावर ढकलूं गेलें, तर हात हवेंत जातो आणि झोंका वाढत नाहीं. ठिणगी लवकर पडणें म्हणजे पहिला प्रकार, उशिरां पडणें म्हणजे दुसरा. लवकर पडली कीं इंजिनांतून चढावर खटखट ऐकूं येते. उशिरां पडली कीं पेट्रोल जळतें, पण काम होत नाहीं.

आतां ही वेळ राखतो कोण? जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर नांवाचें भांडें असतें. त्याचा दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्यावरील उंचवटे दोन लहान धातूचे तुकडे, ज्यांस मिस्त्री लोक पॉईंट म्हणतात, ते उघडतात व मिटतात. पॉईंट मिटलेले असतां बॅटरीची वीज कॉइलमधून वाहते. ते उघडतांच तो प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानें कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्ट दाबाची वीज उत्पन्न होऊन प्लगच्या फटींतून ठिणगी उडते. सहा सिलिंडरांच्या इंजिनांत मिनिटास २४०० फेरे असतां हें सेकंदास १२० वेळां घडतें. तेव्हां पॉईंट उघडण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण, हें ध्यानांत ठेवा. आमच्या गाडीचें रहस्य त्यांतच होतें.

पॉईंटच्या हालत्या तुकड्यास एक लहानसा ठोकळा असतो, आणि तो फिरत्या उंचवट्यांवर घासत राहतो. तेथें ग्रीसचा थेंब नसेल, तर ठोकळा झिजतो. ठोकळा झिजला कीं पॉईंटमधील फट कमी होते, आणि फट कमी झाली कीं ते उशिरां उघडतात. झीज एका दिवसांत होत नाहीं, म्हणून दोषहि हळूहळू वाढतो. मामांचें "हळूहळू" हें उत्तर ऐकून मिस्त्री हंसले, तें ह्यासाठीं.

त्यांनीं डिस्ट्रिब्यूटरचें झाकण काढलें आणि फटींत मापाची पट्टी घातली. अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असावयाची फट निम्म्याहून कमी भरली. मग त्यांनीं एका लहान बल्बची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या कॉइलकडील टोंकास लावली व दुसरी इंजिनाच्या अंगास. स्विच चालू करून त्यांनीं मला पुढच्या पुलीवरील खूण पाहावयास बसविलें, आणि स्वतः इंजिन हातानें हळूहळू फिरविलें. पॉईंट मिटलेले असतांना बल्ब विझलेला राहतो व उघडतांच पेटतो. खूण माथ्याच्या कांहीं अंश आधीं असतांना बल्ब पेटावयास हवा होता. तो पेटला माथा ओलांडल्यावर! शिवाय डिस्ट्रिब्यूटर जागच्या जागीं धरून ठेवणारा स्क्रू सैल होता, आणि भांडें धक्क्यांनीं किंचित् फिरलें होतें. डिस्ट्रिब्यूटर निम्म्या वेगानें फिरत असल्यामुळें त्यांतील एक अंशाची चूक इंजिनाच्या दांड्यावर दोन अंशांची होते. चूक दिसण्यांत लहान, परिणामांत दुप्पट.

आतां मामांच्या साऱ्या तक्रारी ह्या एका कारणाशीं जुळवून पाहा. ठिणगी उशिरां, म्हणून ज्योत दट्ट्यास ढकलण्याऐवजीं त्याच्या मागें धांवते, आणि गाडीस जोर नाहीं. बाहेरची झडप उघडते तेव्हांहि मिश्रण जळतच असतें, म्हणून आग सायलेन्सरमध्यें शिरते व तो तापतो. जी उष्णता कामीं लागावयाची ती सिलिंडरच्या भिंतींत व झडपांत जाते, म्हणून पाणी उकळतें. जोर नाहीं, म्हणून मामा अधिक पेट्रोल देतात, आणि तात्यांची वही फुगते. राहिला बार. दुरुस्तीवाल्यानें मोठें जेट बसविल्यामुळें मिश्रणांत पेट्रोलचा भाग जास्त झाला होता. घाट उतरतांना पाय काढला कीं हवा अडते, मिश्रण नीट पेटत नाहीं, आणि तें न जळतांच तापलेल्या सायलेन्सरमध्यें जाऊन सांचतें. नळीच्या सैल सांध्यांतून बाहेरची हवा आंत आली कीं सारें एकदम पेटतें. गृहिणींस हें समजावयास नको. गॅसची कळ उघडून काडी ओढण्यास उशीर झाला, तर शेगडी भप्पकन् पेटते. तोच हा प्रकार.

मिस्त्रींनीं पॉईंट बदलले, फट मापानें ठेविली, उंचवट्यांस ग्रीस लाविलें, बल्बच्या मदतीनें वेळ बसविली आणि स्क्रू आंवळला. गाडी एकदां फिरवून आणल्यावर मगच त्यांनीं मोठें जेट काढून जुनें लाविलें व पुन्हां गाडी फिरविली. मामा म्हणाले, "दोन्ही एकदम केलें असतें तर?" त्यावर मिस्त्री म्हणाले, "मग कशानें बरें झालें, हें तुम्हांस कळलें असतें काय?" ह्या एका वाक्यानें मला शास्त्र शिकविलें, असें मी पुढें वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा.

आमच्या गाडीचा बार मागचा होता. कार्ब्युरेटरमधून, म्हणजे पुढून निघणारा बार निराळ्या कारणांनीं येतो. पेट्रोल कमी व हवा जास्त झाली, तर मिश्रण इतकें सावकाश जळतें कीं पुढच्या खेपेस आंत ओढणारी झडप उघडली तरी आंत ज्योत शिल्लक असते, आणि तीच कार्ब्युरेटरच्या तोंडाकडे उलटते. पेट्रोलच्या नळींत कचरा असणें, किंवा मधल्या सांध्यांतून हवा शिरणें, ही त्याचीं नेहमींचीं कारणें. आंत ओढणारी झडप नीट मिटत नसेल तरी असेंच होतें.

दुसरें कारण विजेच्या वाटचुकीचें, आणि तें पावसाळ्यांत विशेष दिसतें. सहा सिलिंडरांच्या पुष्कळ इंजिनांत ठिणगीची पाळी १, ५, ३, ६, २, ४ अशी असते, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर तारा त्याच क्रमानें बसतात. झाकणास बारीक तडा असला, किंवा खंडाळ्याच्या धुक्याची ओल आंत बसली, तर पहिल्या सिलिंडरची वीज शेजारच्या पांचव्याच्या तारेंत शिरते. त्या वेळीं पांचव्याचा दट्ट्या खालून नुकताच वर निघालेला असतो आणि त्याची आंत ओढणारी झडप मिटण्याच्या बेतांत असते. अशा भलत्या वेळीं मिश्रण पेटलें कीं आग सरळ पुढें येते. म्हणून ओल्या दिवशीं गाडी पुढून खोकूं लागली, तर प्रथम झाकण काढून कोरड्या फडक्यानें पुसावें, उजेडांत धरून तडा पाहावा आणि तारांचा क्रम मोजावा. रात्रीं अंधारांत बॉनेट उघडून दुरून पाहिल्यास चुकार वीज निळसर उडतांनाहि दिसते.

ह्या कामांत दोन धोके आहेत, ते सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कार्ब्युरेटरवरील हवेची जाळी काढून, तोंड जवळ नेऊन, दुसऱ्यास इंजिन सुरू करावयास सांगूं नये. उलटलेल्या ज्वालेनें चेहरे भाजतात. पेट्रोल पेटलें तर त्यावर पाणी ओतूं नये; वाळू टाकावी किंवा आग विझविण्याचें नळकांडें वापरावें. दुसरा धोका हँडलचा. ठिणगी फार लवकर पडत असेल, तर हँडल मारतांना इंजिन उलट फिरतें आणि मनगट मोडतें. जुने ड्रायव्हर आंगठा मुठीच्या बाहेर, बोटांच्याच बाजूस ठेवीत, तो ह्याच भीतीनें. फोर्डच्या १९०८ सालीं निघालेल्या टी नमुन्याच्या मोटारींत ठिणगीची वेळ मागेंपुढें करण्यास सुकाणूपाशीं तरफ असे, आणि हँडल मारण्यापूर्वीं ती मागें घ्यावी लागे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंगनें विजेचा स्टार्टर दिला, तेव्हांपासून मनगटें वांचूं लागलीं.

कोणी म्हणेल, आतां ह्या ज्ञानाचा उपयोग काय? १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली बेडफर्ड गाडी धांवली, तो काळ पेट्रोलच्या जड गाड्यांचा होता. पुढें मालमोटारी डिझेलवर गेल्या. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीच नसते; दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारलें कीं तें आपोआप पेटतें. परंतु ठिणगी गेली म्हणतां म्हणतां परत आली आहे. पुण्यांतल्या सी. एन. जी. वर चालणाऱ्या बसगाड्या, रिक्षा आणि मालाचे टेंपो ह्यांस प्लग आहेत, कॉइल आहेत आणि ठिणगीची वेळहि आहे. तेथें डिस्ट्रिब्यूटरच्या जागीं दांड्याची स्थिति ओळखणारा सूक्ष्म विजेचा डोळा आणि हिशेब करणारी पेटी आली, एवढाच फरक. वायु पेटण्यास पेट्रोलपेक्षां जोरदार ठिणगी लागते. प्लग झिजला वा कॉइल थकली, कीं ठिणगी चुकते आणि बार निघतो. तेथें मात्र घरगुती हात चालवूं नये. तें काम माहीतगार कारखान्याचें.

आणखी एक गोष्ट आजची. पेट्रोलमध्यें उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण आपल्या देशांत २०२२ सालीं दहा टक्क्यांवर आणि २०२५ सालीं वीस टक्क्यांवर आलें. एक भाग पेट्रोल जळण्यास सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते, तर इथेनॉलास नऊच भाग पुरते. जुना कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच मापानें हवा घेतो. परिणामीं मिश्रण पातळ होतें, आणि जुन्या गाडीस पुढची शिंक येऊं लागते. ज्यांनीं हौसेनें जुनी जीप किंवा मोटार जपून ठेविली आहे, त्यांनीं ठिणगी तपासल्यावर हेंहि ध्यानांत घ्यावें, आणि रबराच्या नळ्या पाहाव्या. इथेनॉलानें जुनें रबर फुगतें व तडकतें.

मामांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. मिस्त्रींनीं जुने पॉईंट कागदांत गुंडाळून मामांस दिले आणि सांगितलें, "मालकांस दाखवा." मामांनीं ते दाखविले नाहींत, ती त्यांची रीत नव्हती. मींच ते तात्यांपुढें ठेविले आणि बालबुद्धीस जमेल तसें समजाविलें. तात्या कांहीं बोलले नाहींत. आठवडा संपला, वहींतला पेट्रोलचा आंकडा जुन्या जागीं आला. त्या रविवारीं तात्या स्वतः गाडींत मामांच्या शेजारीं बसून दिवेघाट चढले व उतरले. एकहि बार झाला नाहीं. खालीं उतरल्यावर तात्या म्हणाले, "मामा, चारचौघांत विचारलें, तें चुकलें माझें. चारचौघांतच सांगेन." आणि त्यांनीं तसें सांगितलेंहि. मामा त्या गाडीवर पुढें आठ वर्षें होते.

श्रोते हो, आवाज सायलेन्सरांत होता, दोष डिस्ट्रिब्यूटरांत होता, आणि संशय मात्र एका माणसावर होता. म्हणून बार ऐकूं आला कीं तो पुढून कीं मागून, केव्हां आणि केव्हांपासून, हे प्रश्न आधीं विचारावे, आणि मग पान्यास हात घालावा.